घरगुती खाद्यपदार्थांचा व्यवसाय: पदार्थाची निवड, टिकाऊपणा आणि किंमत

तुमच्या प्रश्नाचा आशय असा आहे की, तुमच्या हातच्या पदार्थांची नातेवाईक आणि ओळखीचे लोक अनेक वर्षांपासून स्तुती करत आले आहेत, त्यांतले काही जण पैसे देऊन ते घ्यायलाही तयार आहेत, आणि आता घरूनच व्यवसाय सुरू करताना कोणत्या पदार्थाने सुरुवात करावी, तो टिकेल याची खात्री कशी करून घ्यावी, किंमत किती ठेवावी आणि त्याआधी कर्ज काढून यंत्रे घ्यावीत का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. मी स्वतः दीर्घकाळ घरगुती उत्पादन केले आहे आणि आता असे व्यवसाय उभे करू पाहणाऱ्यांना मार्गदर्शन करते. त्या आधारावर हे उत्तर लिहीत आहे.

पदार्थ चविष्ट आहे का, या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला मिळालेलेच आहे. ज्याचे उत्तर अजून मिळालेले नाही तो प्रश्न वेगळा आहे. नातेवाइकांनी तुमचा पदार्थ तुमच्याच घरी, तयार झाल्यानंतर थोड्याच वेळात खाल्ला. ग्राहक तो पंधरा-वीस दिवसांनी, स्वतःच्या घरातल्या उकाड्यात, नीट न लागलेल्या झाकणाच्या बरणीतून आणि कदाचित ओल्या चमच्याने काढून खाणार आहे. चूल आणि घास यांच्यामध्ये पडणारे हे अंतर सांभाळण्याची जबाबदारी अंगावर घेणे, यालाच मी खाद्यव्यवसाय म्हणते. पदार्थाची निवड, वजनमापे, वेष्टन, लेबल आणि किंमत हे सारे त्या अंतराशीच बांधलेले आहे.

पदार्थ निवडताना बहुतेक जण ‘काय जास्त खपेल’ या विचारापासून सुरुवात करतात. माझा आग्रह असा असतो की, आधी ‘हा पदार्थ कशाने बिघडतो’ हे विचारावे. त्याचे उत्तर मुख्यतः दोन मापांत सापडते. पहिले माप म्हणजे वॉटर ॲक्टिव्हिटी, म्हणजे पदार्थातले किती पाणी जिवाणूंना आणि बुरशीला वापरता येण्याजोगे मोकळे आहे त्याचे माप. शुद्ध पाण्यासाठी हा आकडा १ असतो. साखर आणि मीठ पाण्याला धरून ठेवतात, वाळवण्याने आणि भाजण्याने पाणी निघून जाते, आणि हा आकडा खाली येतो. बहुतेक रोगकारक जिवाणूंची वाढ ०.९१ च्या खाली थांबते. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा चिवट जिवाणू मात्र सुमारे ०.८६ पर्यंत तग धरतो आणि म्हणूनच ०.८५ ही सुरक्षिततेची सीमारेषा सर्वत्र वापरली जाते. नेहमी आढळणारी बुरशी ०.८० च्या खाली पुष्कळ मंदावते आणि ०.६० च्या खाली कोणताही सूक्ष्मजीव वाढत नाही. ताजा पाव ०.९५ च्या आसपास असतो, त्यामुळे त्याला काही दिवसांत बुरशी येते. कुरकुरीत बिस्किटाचा आकडा ०.६० च्याही बराच खाली असतो, त्यामुळे ते सादळते, खवट होते, पण त्यात जिवाणू वाढत नाहीत.

दुसरे माप आम्लतेचे, म्हणजे पीएचचे; हा आकडा जितका कमी तितका पदार्थ अधिक आंबट. पीएच ४.६ किंवा त्याहून कमी असेल तर क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा घातक जिवाणू वाढू शकत नाही आणि विष तयार करू शकत नाही. बहुतेक फळे या रेषेच्या खाली असतात, तर बहुतेक भाज्या, कडधान्ये, दूध आणि मांस तिच्या वर. लोणची टिकतात ती आम्ल, मीठ आणि तेल यांच्या एकत्रित बळावर, आणि त्या तिघांत तेलाचा वाटा लोक समजतात तेवढा मोठा नाही.

हा तेलाचा मुद्दा मी मुद्दाम लांबवून सांगते, कारण घरगुती उत्पादकांमध्ये सर्वांत धोकादायक गैरसमज इथेच आहे. तेलाचा थर हवा अडवतो आणि त्यामुळे बुरशी रोखली जाते हे खरे आहे. परंतु बोट्युलिनमला वाढण्यासाठी हवा नसलेलीच जागा हवी असते. कच्चा लसूण, ओल्या औषधी वनस्पती, भाजलेल्या भाज्या असे ओलसर आणि कमी आम्लाचे घटक नुसत्या तेलात बुडवून साध्या तापमानाला ठेवले, तर त्या जिवाणूला हवी तशी जागा आपण स्वतः तयार करून देतो. १९८५ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे तेलातल्या चिरलेल्या लसणामुळे अनेकांना बोट्युलिझमची, म्हणजे याच जिवाणूच्या विषाची, बाधा झाली होती. अशा पदार्थाला वास येत नाही, रंग बदलत नाही, चवीतही फरक जाणवत नाही. शिवाय या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे प्रतिकूल स्थितीत टिकून राहणारे त्याचे कवचबंद रूप, साध्या उकळीने मरत नाहीत. त्यासाठी दाबाखाली १२१ अंश सेल्सिअस तापमान काही मिनिटे टिकवावे लागते आणि तेही पदार्थाच्या गाभ्यापर्यंत पोहोचल्याची शास्त्रीय खातरजमा करावी लागते. हे काम घरच्या स्वयंपाकघरातले नाही. कमी आम्लाच्या भाज्या किंवा मांस बरणीत बंद करून बिनाफ्रीज टिकवण्याच्या वाटेला घरगुती उत्पादकाने जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे, मग मागणी कितीही असो.

सुरुवात करायची ती कोरड्या पदार्थांनी: भाजलेले, वाळवलेले, तळून पूर्ण कुरकुरीत केलेले पदार्थ, बिस्किटे, मसाल्यांची मिश्रणे, भाजलेली पिठे. त्यांत चूक झाली तरी ती बहुतेक वेळा चवीची चूक असते. तरी कोरड्या मालालाही कच्चा माल स्वच्छ लागतो, कारण मसाल्यांत किंवा पिठात आधीच असलेले साल्मोनेलासारखे जिवाणू तिथे वाढत नसले तरी जिवंत राहू शकतात. त्यानंतरची पायरी जॅम, आंबट लोणची, सरबतांचे अर्क अशा गोड आणि आंबट पदार्थांची. त्यासाठी पीएच मोजण्याचे साधन हवे. क्रीम भरलेले केक, ओल्या चटण्या, दुधाचे पदार्थ आणि शिजवलेले जेवण यांना थंड साखळी, म्हणजे साठवणुकीपासून पोहोचवण्यापर्यंत सतत थंड तापमान, लागते, आणि ती ग्राहकाच्या दारापर्यंत अखंड ठेवता येत असेल तरच तिकडे वळावे. शिजवलेले जेवण लगेच खाण्यासाठी, ठरलेल्या वेळी, गरम पोहोचवणे हा मात्र स्वतंत्र आणि चांगला व्यवसाय आहे. तिथे चूल आणि घास यांच्यामधले अंतर तासांचे असते, आठवड्यांचे नसते.

पदार्थ ठरला की पुढचे काम कंटाळवाणे आहे आणि तेच सर्वांत महत्त्वाचे आहे: अंदाजाची पाककृती वजनात उतरवणे. वाटी, मूठ, चिमूट आणि ‘रंग येईपर्यंत’ या मापांनी घर चालते, व्यवसाय चालत नाही. चमचाभर बारीक मीठ आणि चमचाभर जाड मीठ यांच्या वजनात मोठा फरक असतो. मिठाचा ब्रँड बदलला एवढ्यानेच लोणचे खारट होऊ शकते किंवा, त्याहून वाईट म्हणजे, टिकण्यासाठी लागणारे मीठ त्यात कमी पडू शकते. दोन काटे घ्यावेत: एक ग्रॅमपर्यंत मोजणारा मोठा आणि मीठ, मसाले, संरक्षक द्रव्ये यांसाठी दशांश ग्रॅम दाखवणारा लहान. मुख्य घटक १०० धरावा आणि बाकीचे सर्व घटक त्याच्या टक्केवारीत लिहावेत. बेकरीतले लोक पिठाच्या बाबतीत हेच करतात, आणि ही पद्धत इतर पदार्थांनाही चांगली लागू पडते. शिजवण्याआधीचे एकूण वजन आणि तयार झाल्यावरचे वजन दोन्ही लिहून ठेवावे, कारण किती पाणी उडाले हे त्यावरून कळते आणि पदार्थ किती टिकणार हे त्याच आकड्यावर अवलंबून असते.

‘पाक झाला’ किंवा ‘जॅम झाला’ हे डोळ्यांनी ओळखणाऱ्या माणसाबद्दल मला आदरच आहे. पण त्या माणसाला ताप आला त्या दिवशी दुसऱ्या कुणाला तरी ते ओळखता आले पाहिजे. जॅम साधारणपणे पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा ४ ते ५ अंश वर तयार होतो, म्हणजे समुद्रसपाटीला १०४ ते १०५ अंश सेल्सिअसवर. सुमारे ३०० मीटर उंचीमागे पाण्याचा उत्कलनबिंदू एक अंशाने उतरतो, म्हणून डोंगराळ गावात राहणाऱ्याने आधी आपल्या थर्मामीटरने साधे पाणी कोणत्या अंशाला उकळते हे पाहावे आणि त्यावरून मोजावे. विरघळलेल्या साखरेचे प्रमाण दाखवणारा रिफ्रॅक्टोमीटर मिळाला तर आणखी चांगले; पारंपरिक जॅमसाठी ६५ ब्रिक्सच्या (म्हणजे वजनाच्या सुमारे ६५ टक्के विरघळलेल्या साखरेच्या) आसपासचे वाचन अपेक्षित असते.

पाककृती पाचपट करणे म्हणजे घटकांना पाचने गुणणे, असे समजू नये. मोठ्या पातेल्यात पदार्थाच्या प्रमाणात पृष्ठभाग कमी असतो, त्यामुळे पाणी उडायला वेळ लागतो, तोवर तळ करपतो, फळांचा रंग काळवंडतो आणि मसाल्यांचा सुगंध निघून जातो. कढईत एकदम जास्त जिन्नस सोडला की तेल थंड पडते आणि तळण तेलकट होते. घाणा मोठा करण्यापेक्षा घाण्यांची संख्या वाढवणे हेच योग्य. तळणाचे तेल धुरकट, दाट, फेसाळ झाले की ते टाकून द्यावे. जुन्या तेलात नवे तेल घालून ते पुन्हा पुन्हा वापरले तर पहिल्या दिवशी चव चांगली लागते, पण खवटपणा लवकर येतो, आणि तो ग्राहकाच्या घरी येतो.

मोठ्या भांड्याचा खरा धोका थंड होण्यात आहे. पातेल्याची लांबी, रुंदी आणि खोली दुप्पट झाली तर आतला पदार्थ आठपट होतो आणि उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग फक्त चौपट, म्हणून मधला भाग कित्येक तास कोमट राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित अन्नाविषयीच्या पाच सूत्रांत सांगितले आहे की, शिजवलेले अन्न दोन तासांहून अधिक काळ साध्या तापमानाला ठेवू नये, थंड ठेवायचे ते ५ अंशांखाली आणि गरम ठेवायचे ते ६० अंशांवर असावे. शिजवलेला भात आणि इतर पिठूळ पदार्थ यांत बॅसिलस सीरियसचे बीजाणू शिजवूनही टिकतात. पदार्थ कोमट राहिला की ते वाढतात आणि त्यांचे उलटी घडवणारे विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. म्हणून ओला पदार्थ शिजला की तो पाच सेंटिमीटरपेक्षा कमी थराच्या उथळ ताटांत पसरावा, भांड्याखाली बर्फाचे पाणी ठेवावे, हलवत राहावे, आणि तो दोन तासांत साधारण २१ अंशांपर्यंत व पुढच्या चार तासांत ५ अंशांपर्यंत उतरला की नाही हे थर्मामीटरने पाहावे. घरच्या फ्रीजमध्ये एकदम दहा किलो गरम पदार्थ ठेवला तर पदार्थ थंड होण्याऐवजी फ्रीजमधले दूध गरम होते.

याच्या उलट, कोरडा पदार्थ कोमट असतानाच पिशवीत बंद करण्याची घाई दिसते. आत अडकलेली वाफ थंड होऊन थेंब बनते आणि तेवढ्याच जागी बुरशीला पुरेसे पाणी मिळते. सगळा पदार्थ कोरडा असूनही एका कोपऱ्यात हिरवी बुरशी दिसते ती यामुळे. पदार्थ खोलीच्या तापमानाला पूर्ण आला, ताटाखाली हात लावला तर ऊब जाणवत नाही, मगच वेष्टन करावे. साध्या पातळ प्लास्टिकमधून प्राणवायू आणि वास आरपार जातात, त्यामुळे तेलकट पदार्थासाठी ते कमी दिवसांचेच वेष्टन आहे. खवटपणाला प्राणवायू, उजेड आणि उष्णता हे तिन्ही कारणीभूत असतात. पारदर्शक पिशवीत माल दिसतो म्हणून तो विकला जातो, पण उजेडामुळे तो बिघडतोही; मी तेलकट पदार्थांना अपारदर्शक, आतून धातूचा थर असलेले वेष्टन वापरायला सांगते.

हातांच्या स्वच्छतेबद्दल सगळेच बोलतात, म्हणून इथे फक्त जे निसटते तेवढेच लिहिते. बोटावरच्या चिरेत आणि नाकात स्टॅफिलोकोकस असतो आणि त्याचे विष उष्णतेला दाद देत नाही. जखम असेल तर पाणी न शिरणारी पट्टी आणि वर हातमोजा हवाच. उलट्या किंवा जुलाब झालेल्या व्यक्तीने त्रास थांबल्यानंतरही ४८ तास खाद्यपदार्थाला हात लावू नये, आणि घरात ती व्यक्ती तुम्ही स्वतःच असाल तर ऑर्डर रद्द करण्याचे धैर्य ठेवावे. उत्पादनाच्या वेळी घरचा स्वयंपाक, लहान मुले आणि पाळीव प्राणी स्वयंपाकघरात नकोत. ओलसर फडके हे घरातल्या सर्वांत अस्वच्छ साधनांपैकी एक असते. ते रोज उकळावे किंवा कागदी रुमाल वापरावेत.

टिकण्याची मुदत दुसऱ्याच्या लेबलवरून उचलू नये. तुमच्या पाककृतीने, तुमच्या वेष्टनात, दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी केलेल्या खेपांचे नमुने बाजूला ठेवा. काही थंड कपाटात, काही घरातल्या सर्वांत उबदार जागी. दर आठवड्याला एक फोडून वास, कुरकुरीतपणा, रंग आणि चव यांची नोंद करा. उबदार जागेतला नमुना ज्या आठवड्यात पहिल्यांदा खटकला, त्याच्या दोन-तृतीयांश एवढीच मुदत लेबलवर लिहावी, हा माझा पाळलेला नियम आहे. मात्र ही पद्धत फक्त गुणवत्तेपुरती आहे, म्हणजे कोरड्या पदार्थांसाठी. ओल्या आणि थंड ठेवाव्या लागणाऱ्या पदार्थांची मुदत जिभेने ठरवता येत नाही, कारण रोगकारक जिवाणू चवीला कळत नाहीत. तिथे प्रयोगशाळेची तपासणीच हवी. आंबट पदार्थांच्या बाबतीत किमान पहिल्या खेपेचा पीएच आणि वॉटर ॲक्टिव्हिटी प्रयोगशाळेतून मोजून घ्यावी. हा खर्च नव्या मिक्सरपेक्षा जास्त उपयोगी ठरतो.

खेप कालच्यासारखीच झाली आहे का, हे तपासण्याची एक सोपी रीत आहे. तीन वाट्या ठेवाव्यात, दोहोंत जुनी खेप आणि एकीत नवी, आणि चाखणाऱ्याला विचारावे की वेगळी कोणती. ‘आवडले का’ असे विचारले की घरचे लोक प्रेमापोटी होकार देतात. ‘वेगळे कोणते’ असे विचारले की त्यांची जीभ प्रामाणिक होते. नुसत्या अंदाजानेही तिघांतला एक जण बरोबर ठरू शकतो, म्हणून एकाच्या उत्तरावर विसंबू नये, पाच-सहा जणांना तरी विचारावे.

प्रत्येक खेपेला क्रमांक द्यावा आणि वहीत तारीख, घटकांची वजने, त्यांच्या पाकिटांवरचे क्रमांक, तापमान, तयार वजन आणि माल कुणाला गेला हे लिहावे. तक्रार आली की प्रश्न एवढाच उरतो: ही एकच पिशवी की सारी खेप? वही असेल तर तुम्ही अर्ध्या तासात त्या खेपेच्या सगळ्या ग्राहकांना कळवू शकता. मोठे कारखाने अन्नसुरक्षेच्या ज्या एचएसीसीपी पद्धतीने चालतात, ती १९६० च्या दशकात अमेरिकेत अंतराळवीरांच्या अन्नासाठी विकसित झाली, आणि तिचा गाभा हाच आहे की तयार मालाची तपासणी करत बसण्यापेक्षा धोका जिथे उद्भवतो तिथेच मोजमाप करावे. घरगुती उत्पादकाच्या बाबतीत अशी ठिकाणे तीन-चारच असतात: शिजवण्याचे तापमान, थंड होण्याचा वेळ, पीएच आणि वेष्टन करतानाचा कोरडेपणा.

लेबलवर घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन, उत्पादनाची तारीख, मुदत, साठवणुकीची सूचना, खेप क्रमांक आणि तुमचा पत्ता असावा. ॲलर्जीकारक घटक ठळक लिहावेत: ग्लुटेनयुक्त धान्ये, दूध, अंडी, शेंगदाणे, सुकामेव्यातील बदाम-काजूसारखे टणक कवचाचे पदार्थ, सोयाबीन, मासे आणि कवचधारी जलचर हे आठ गट बऱ्याच ठिकाणी मानले जातात, आणि अनेक देशांत तिळाचीही त्यांत भर पडली आहे. ज्या कढईत किंवा मिक्सरमध्ये आधी शेंगदाणे वापरले गेले, तिथे केलेल्या पदार्थावर तसा इशारा देणे आवश्यक आहे. शेंगदाण्याचा अंशही काही जणांच्या जिवावर बेतू शकतो, आणि ‘घरगुती’ या शब्दावर विश्वास ठेवून तो माणूस निर्धास्तपणे खाणार असतो. म्हणूनच आपली जबाबदारी इथे कारखान्यापेक्षा अधिक आहे, असे मला मनापासून वाटते.

परवान्याबद्दल थोडक्यात: जवळजवळ सर्वत्र खाद्यविक्रीसाठी नोंदणी किंवा परवाना लागतो, लहान उत्पादकांना अनेकदा सोपी नोंदणी असते, आणि फ्रीजमध्ये ठेवावे लागणारे पदार्थ बऱ्याच ठिकाणी त्या सवलतीत बसत नाहीत. पहिली विक्री करण्याआधी स्थानिक अन्नसुरक्षा कार्यालयात जाऊन तुमच्या नेमक्या पदार्थाचे नाव घेऊन विचारा. भाड्याचे घर असेल तर करारात व्यवसायास मुभा आहे का आणि घराच्या विम्यात व्यवसायाची जोखीम धरली आहे का, हेही पाहून घ्या.

आता किंमत. ‘कच्च्या मालाच्या दुप्पट’ हा प्रचलित हिशेब मी कुणालाही सुचवत नाही, आणि का ते उदाहरणाने दाखवते. पैशाचे एकक कोणतेही धरा. समजा एका खेपेतून ४० पाकिटे तयार होतात. कच्चा माल १६००, वेष्टन व लेबल ३२०, इंधन व पाणी १२०, आणि भांड्यांची झीज, फोन, प्रवास असा इतर खर्च १२०. वेळ मोजताना फक्त चुलीपुढचा वेळ मोजू नये; खरेदी, निवडणे, चिरणे, थंड होईपर्यंत थांबणे, भरणे, धुणे, पोहोचवणे आणि ग्राहकांना उत्तरे देणे हे सारे धरून समजा पाच तास होतात. हेच काम दुसऱ्या कुणाकडून करवून घेतले असते तर ताशी १०० द्यावे लागले असते, म्हणून मजुरी ५००. एकूण २६६०. नमुन्यासाठी ठेवलेली आणि फुटलेली पाकिटे वजा जाता विकायला ३८ उरतात, म्हणजे एका पाकिटाचा खरा खर्च ७०. कच्चा माल पाकिटामागे ४० होता, म्हणून ‘दुप्पट’ या हिशेबाने किंमत ८० निघते, आणि थेट विक्रीत फक्त १० उरतात.

दुकानातून किंवा घरपोच सेवेच्या ॲपमधून विकताना हिशेब आणखी निसरडा होतो. समजा त्यांचे कमिशन विक्रीकिमतीच्या ३० टक्के आहे. पुष्कळ जण ७० वर ३० टक्के चढवतात आणि ९१ किंमत लावतात. पण कमिशन ९१ चे ३० टक्के, म्हणजे २७.३० जाते आणि हातात ६३.७० येतात, प्रत्येक पाकिटामागे सहाहून अधिक तोटा होतो, आणि विक्री वाढेल तसा तोटाही वाढतो. खर्चच फक्त भरून काढायचा तर ७० ला ०.७० ने भागावे लागते, म्हणजे किंमत १००. विक्रीकिमतीच्या १५ टक्के नफा हवा असेल तर ३० टक्के कमिशन आणि १५ टक्के नफा वजा जाता किमतीचा ५५ टक्के भाग खर्चासाठी उरतो, म्हणून ७० भागिले ०.५५, म्हणजे सुमारे १२७. ही किंमत बाजारात चालणार नसेल, तर दुकानाचा मार्ग तूर्त तुमच्यासाठी नाही, आणि हे माल बनवण्याआधी कळलेले बरे.

स्वतःची मजुरी न धरणे हा या व्यवसायातला सर्वांत मोठा अन्याय आहे, आणि तो बहुतांशी बायका स्वतःवरच करून घेतात. मजुरी न धरता ठरवलेली किंमत पुढे वाढवता येत नाही. काम वाढले की मदतनीस ठेवावी लागते, तिला पगार द्यायला किमतीत जागाच नसते, आणि ऐन भरात आलेला व्यवसाय बंद करावा लागतो. ओळखीच्यांना सवलत द्यायची असेल तर बिलावर पूर्ण किंमत लिहून खाली सवलत दाखवावी, म्हणजे खरी किंमत त्यांच्या लक्षात राहते. त्याच कारणाने उधारी टाळावी. दुकानदाराकडे ‘विकले गेले तर पैसे’ या बोलीवर माल ठेवायचाच असेल तर तो थोडा, ठरलेल्या मुदतीचा आणि न विकलेला माल परत कुणी न्यायचा हे लेखी ठरवून.

सुरुवातीला दोन किंवा तीनच पदार्थ ठेवा, आणि ते शक्यतो एकच मुख्य कच्चा माल वापरणारे असावेत. आठवड्यातून एक ठरलेला उत्पादनाचा दिवस, त्याच्या दोन दिवस आधी ऑर्डर बंद, आणि निम्मी रक्कम आगाऊ. किती माल करू शकता याची मर्यादा चुलीवरून ठरवू नका. बहुतेक घरांत थंड करायला लागणारी ताटे, पसरायला लागणारी जागा आणि भरायला लागणारे हात आधी संपतात. ही अडचण कुठे आहे हे पाच-सहा खेपांच्या नोंदीतून स्पष्ट दिसते, आणि कर्जाच्या तुमच्या प्रश्नाचे उत्तरही त्याच नोंदींत आहे. यंत्र घ्यायचे ते जिथे सर्वाधिक तास जातात त्या कामासाठी, आणि वाचलेल्या तासांची मजुरी वर्षभरात त्याची किंमत फेडत असेल तरच. भरणे आणि बंद करणे यात निम्मा वेळ जात असताना मोठी चूल घेतल्याने काहीच साधत नाही. पहिल्या टप्प्यात कर्ज काढू नये असे मी स्पष्टपणे सांगेन. दोन वजनकाटे, एक चांगला थर्मामीटर, उथळ ताटे, पिशव्या बंद करण्याचे हातयंत्र, आणि आंबट पदार्थ करणार असाल तर पीएचमापक, एवढे पुरते. पीएचमापक प्रत्येक वापराआधी ४ आणि ७ पीएचच्या प्रमाण द्रावणांत तपासून घ्यावा आणि त्याचे टोक कोरडे पडू देऊ नये, कारण चुकीचा आकडा दाखवणारा मापक नसलेल्या मापकापेक्षा अधिक धोकादायक असतो.